तोफखान्याची टेप

माझ्या नवऱ्याला सगळे तोफखाना म्हणायचे. ट्रंपेट वाजवायचा म्हणून नव्हे, हात चालायचा म्हणून. ड्रमवाल्यानं ठेका चुकवला की बूट फेकायचा, तोही नेम धरून. माझ्यावर एकदाच हात उगारला. मी पियानोचं झाकण त्याच्या बोटांवर आपटलं. आठ दिवस पट्टी बांधून फिरला, पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही.

पण वाजवायला लागला की बाई, सगळे गुन्हे माफ. आज शहरात जॅझ वाजवणारे निम्मे त्याच्या थपडा खाऊन शिकलेत, उरलेले त्याच्या टेप ऐकून.

आमच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी नाच असायचा, आणि नाचाइतकीच मारामारी. बँडला नियम एकच. खुर्च्या उडोत, डोकी फुटोत, वाजवणं थांबवायचं नाही. सूर थांबले की लोक बिथरतात, दाराशी चेंगरतात. कोणी मध्येच उठला तर दुसऱ्यानं त्याचा भाग उचलायचा. नियम तोफखान्याचाच, आणि मध्येच उठून कोणाला तरी बुकलायला जाणाराही हाच.

त्या रविवारी हॉलच्या मालकानं आमचं वाजवणं टेप करायला घेतलं होतं. मी पियानोवर, हॉलकडे पाठ. मागे बाटल्या फुटायला लागल्या. एक दारुडा पेले उचलणाऱ्या पोरीला केसांना धरून फरफटत नेत होता, ते मला नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की ट्रंपेट बंद पडलं. म्हटलं, गेला वाटतं कोणाचं थोबाड फोडायला, मेल्याला जरा धीर नाही. त्याचा भाग मी उचलला. इतकी चिडले होते, की जन्मात वाजवलं नव्हतं असं वाजवलं.

दारुड्यानं त्याच्या पोटात सुरा खुपसून फिरवला होता. हा रक्तात सरपटत स्टेजच्या पायरीशी आला, माझ्यापासून चार हातांवर. ड्रमवाल्याला समोर सगळं दिसत होतं. पण तो थांबला नाही. थांबलो तर बूट बसेल, ही धास्ती हाडात मुरलेली. गाणं संपवूनच मी मागे वळले. तोवर सगळं आटोपलं होतं.

ती टेप फार गाजली. परवा एक मुलगी आली, चांगलं वाजवते. म्हणाली, "काकू, ट्रंपेट थांबल्यावरचा तुमचा भाग शिकवा ना. आम्ही सगळे तोच घोकतो. एवढी आग कुठून आणलीत?"

मी टेप लावली. म्हटलं, "पियानो सोड, त्याच्या मागचं ऐक."

तिनं कान लावला. "कोणीतरी माणूस ओरडतोय."

"काय म्हणतोय?"

तिनं टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. "'अगं, थांब. थांब,' असं म्हणतोय."

"नवरा आहे तो माझा," मी म्हटलं. "आता पुढचं ऐक, मी आणखी जोरात वाजवतेय."