एक घर बाकी

मी चिडकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या चिडण्याचा वाटा मोठा आहे. लोक म्हणतात, तू स्वतःला फार दोष देतेस. त्यांना मी काय भरलं होतं ते ठाऊक नाही.

आमची संस्था लहान. तलासरीत एका दुकानाच्या मागची खोली, दोन टेबलं, एक पंखा. काम टीबीचं. डोंगराकडच्या पाड्यांवर घरोघर जायचं, कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का विचारायचं, असेल तर बेडका तपासायला पाठवायचा, आणि औषध सुरू झालं की ते मध्येच सुटणार नाही हे बघायचं. पाच बायका हे काम करायच्या, सगळ्या त्याच पाड्यांवरच्या. मी त्यांची समन्वयक. राहायला डहाणूला, रोज चारोटीवरून तलासरीला ये-जा.

पाचजणींत सगळ्यात जुनी जी होती तिला आम्ही मावशी म्हणायचो. मी या संस्थेत आले तेव्हा ती आधीपासून होती. मला पहिल्यांदा पाड्यावर तिनं नेलं. माझ्या चपला बघून ती इतकी हसली होती की मी दुसऱ्याच दिवशी बूट घेतले. कुठल्या घरात सकाळी जायचं, कुठल्या घरात नवरा कामावर गेल्यावरच बाई खरं बोलते, कुणाला खोकल्याचं विचारायच्या आधी कोंबड्यांचं विचारावं लागतं, हे सगळं तिच्याकडून शिकले. बाई चालायची मात्र अशी, की माझा जीव निघायचा.

मागच्या दिवाळीनंतर मुंबईच्या मोठ्या ऑफिसनं आम्हाला चॅट असिस्टंट दिला. एक माणूस येऊन शिकवून गेला. फोनवर मेसेज येणार: आज अमुक पाडा, एवढी घरं. संध्याकाळी विचारणा होणार: झालं का? उत्तर दिलं की काम हिरवं, नाही दिलं की लाल. बोलून सांगितलं तरी त्याला कळतं, मराठीही कळतं. मी खूश झाले. रजिस्टरं, फोन, 'अगं तू कुठं आहेस', या सगळ्यातून सुटका होणार होती. शिकवणाऱ्याला मी स्वतःच्या पैशानं वडापाव खाऊ घातला, आता आठवलं की राग येतो.

बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'जावई' ठेवलं. त्यांच्यातली एक म्हणाली, "हा तं जावईच हाय. विचारला का लगेच सांगाचा, नाय तं रुसतो." आम्ही पोट धरून हसलो.

पण जावयाची एक अट होती. एक काम, एक नाव. आणि आमच्या बायका तसं काम करतच नव्हत्या. इकडे भातलावणी सावडीनं होते. आज एकीच्या शेतावर सगळ्या, उद्या दुसरीच्या. टीबीचं कामही त्यांनी तसंच लावून घेतलं होतं. आज एका पाड्यावर पाचही जणी, उद्या दुसऱ्या पाड्यावर. एक बोलायची, एक लिहायची, एक रडणारं मूल सांभाळायची, एक आत जाऊन सुनेशी कुजबुजायची. मी त्यांना वेगवेगळं जायला सांगून बघितलं. "एकटीनं जाऊन काय कराचा, ताई? काम झाला ना? मग नाव कोनाचा का असंना."

तर जिच्या पाड्यावर गेल्या तिचं सगळं हिरवं आणि बाकी चौघींचं लाल, असा रोजचा तमाशा सुरू झाला. चौघी तरुण होत्या, त्या शिकल्या. वरच्या शाळेपाशी रेंज येते, तिथं उभं राहून झालेली घरं आपापल्या नावावर वाटून टाकायच्या. मावशीला ते जमलं नाही. तिचा फोन सुनेच्या हातात, सून कामावर. बोलून सांगायला गेली तर जावई म्हणायचा, कृपया पुन्हा सांगा. एकदा वैतागून ती मला म्हणाली, "मी बोलते ते त्याला कळत नाय, मी चालते ते त्याला दिसत नाय." त्यावर मी तिला दहा मिनिटं बटनं समजावत बसले.

दीड महिन्यानं मोठ्या ऑफिसातून निरोप आला. एक सदस्य सतत लाल आहे. सुधारणा झाली नाही तर पुढच्या तिमाहीत तिच्या जागी दुसरी बाई बघा. मावशीला काढायचं! मी तो मेसेज तीनदा वाचला आणि माझ्या नाकावरचा राग डोक्यात गेला. फोन करून भांडले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त डेटा बघतो."

बरं, म्हटलं, डेटा पाहिजे ना, मग घ्या. समन्वयकाला कुणाच्याही वतीनं काम बंद, म्हणजे पूर्ण झाल्याची नोंद, करता येत होतं. मी मावशीचं काम रोज संध्याकाळी हिरवं करू लागले. खोटं काही नव्हतं, काम खरंच होत होतं. बायका कागदावर लिहून आणायच्या आणि मी त्यातली काही घरं मावशीच्या नावावर टाकायची. मला वाटलं, मीही सावडीत सामील झाले. या विचारानं मला किती बरं वाटलं होतं, ते आता सांगायला लाज वाटते.

होळी झाल्यावर मावशी शनिवारच्या बैठकीला आली नाही. बायकांना विचारलं, तर एक म्हणाली, "पाहुण्याकडं गेली." पुढच्या शनिवारी, "म्हवं गोळा करते." मोहाची फुलं वेचायचा हंगाम होता, मी बरं म्हटलं. तिचं सगळं हिरवं होतं. हिरवं मीच केलं होतं, आणि तेच बघून मी निश्चिंत होते. याला काय म्हणावं, मला अजून सुचलेलं नाही.

सावडीची एक रीत मला माहीत असायला हवी होती. कुणी आजारी पडली तर तिचा वाटा बाकीच्या उरकतात आणि त्याचा उच्चार करत नाहीत. बोलून दाखवलं तर ती ओशाळते. चौघींनी मावशीची घरं वाटून घेतली होती. तिच्या पाड्यावरची सगळी घरं त्यांनी भरून आणली. एक सोडून. मावशीचं स्वतःचं घर कुणी भरलं नाही. जिच्या घरचं तिनंच भरायचं, ही आमची सुरुवातीपासूनची पद्धत. स्वतःच्या घरात कुणी परक्यासारखं दारात उभं राहून खोकला विचारत नाही.

जावयानं विचारायला सुरुवात केली. एक घर बाकी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एक घर बाकी आहे, आठवण करून देऊ का? मी नको म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मी घरी निघाले होते, चारोटीला गाडी बदलायची होती, ऊन मी म्हणत होतं. हॉटेलात चहा घेतला. फोन वाजला. एक घर बाकी. हे काम आज बंद न झाल्यास सदस्य पुन्हा लाल यादीत जाईल.

मी चिडले. एका घरासाठी, तेही तिच्याच घरासाठी! चहाचा ग्लास बाजूला सारून मी ते भरलं. घरातली माणसं: पाच. कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला: नाही. कुणाला ताप, वजन कमी: नाही. बंद करा. जावयानं लिहिलं, छान! सर्व घरं पूर्ण. मी उरलेला चहा प्यायले आणि गाडी धरली.

महिन्याच्या शेवटी जावयानं स्वतःहून सुचवलं की मावशीची सुधारणा लक्षणीय आहे, तिला कौतुकपत्र द्यावं. मला इतका आनंद झाला की मी ते रंगीत छापून घेतलं आणि स्वतः घेऊन गेले. टमटम शाळेपर्यंत जाते, पुढं चालायचं. वाटेत मी मनाशी हसत होते, की मावशी आता हे कुठं लावणार, देवाशेजारी की आरशाशेजारी.

मावशी ओटीवर घोंगडीखाली झोपली होती. उन्हाळ्यात घोंगडी. वर हात करून, खांबाला धरून उठून बसली तेव्हा तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मी इतकी वर्षं हे काम करते आहे. तिनं तोंड उघडायच्या आधीच मला सगळं कळलं. मग ती खोकली, आणि रक्त लागलेला पदर लपवायला तिला उशीर झाला.

तिला घेऊन आम्ही आधी तालुक्याला आणि तिथून राज्याच्या हद्दीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर चांगले होते. त्यांनी कुणावर दोष ठेवला नाही, फक्त म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. औषध सुरू झालं. ते बारा दिवस तिच्या पोटात गेलं, मग ती गेली. मधल्या दिवसांत एकदा तिनं माझा हात धरून विचारलं, "माझा काम कोन करतो?" मी म्हटलं, सगळ्या मिळून करतात. ती म्हणाली, "मग ठीक."

तिच्या दिवसकार्यानंतर मी चौघींवर ओरडले. ऑफिसचं दार लावून, तोंडाला येईल ते बोलले. टीबीचं काम करता आणि शेजारच्या बाईचा खोकला ऐकू येत नाही? मला सांगितलं का नाही? त्या खाली मान घालून बसल्या होत्या. शेवटी ती पहिल्यांदा जावई म्हणणारी बोलली.

"तिनं शपथ घातली होती, ताई. जावयाला कळला तं काढतील म्हनाली. म्हवांचा काम उरकला का जाते दवाखान्यात, म्हनाली."

"मला तरी सांगायचं!"

तिनं वर बघितलं. "आम्हाला वाटला, तुम्हाला ठाव हाय. तुम्हीच तं तिचा हिरवा करत होत्या."

पंखा फिरत होता. त्या मला वाचवत नव्हत्या, टोचतही नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आम्ही पाचही जणी त्या एका बाईची नोकरी वाचवत होतो, प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीला माहीत आहे, आणि ज्याला सगळं माहीत असायला हवं होतं त्या जावयाला आम्हीच सगळं छान असल्याचं सांगत होतो. त्यानं विश्वास ठेवला. त्याचा काय दोष? तो तर एकटाच त्या घराचं विचारत राहिला होता. रोज तीनदा.

मी ती नोंद दुरुस्त करायला गेले. बंद झालेलं काम बदलता येत नाही, असं उत्तर आलं. मोठ्या ऑफिसला मी सगळं लिहून कळवलं, राजीनामाही जोडला. त्यांनी राजीनामा परत पाठवला आणि माझ्या नावावर नोंदींच्या अचूकतेचं ऑनलाइन प्रशिक्षण टाकलं. मी ते पूर्ण केलं. माझंही हिरवं झालं.

तिमाहीची नवी फेरी आली तेव्हा मावशीच्या घराचं काम मी माझ्या नावावर मागून घेतलं. चौघी सोबत येतो म्हणाल्या, मी नको म्हटलं. दारात मावशीचा नवरा दोरी वळत बसला होता. त्यानं चटई टाकली, पाणी दिलं. मी कोंबड्यांचं विचारलं. मग विचारायचं ते विचारलं. तो बोलायच्या आधीच आतून आवाज आला. त्याची नात, सहा वर्षांची, चुलीपाशी बसून खोकत होती.

"किती दिवस झाले?"

"झाले की बरेच," तो म्हणाला. "तिचा पन असाच चालू झाला होता."

मी फोन काढला. घरातली माणसं: चार. खोकला: हो. वर शाळेपाशी जाऊन रेंज धरली आणि पाठवलं. जावयाचं उत्तर लगेच आलं. मागच्या नोंदीत पाच व्यक्ती आणि खोकला नाही असं होतं. फरकाचं कारण लिहा.

मी लिहिलं. मागची नोंद मी भरली होती. घरी न जाता, चारोटीच्या हॉटेलात बसून. त्या वेळी या घरातल्या बाईला टीबी होता, ती वारली.

धन्यवाद, कारणाची नोंद घेतली आहे, असं आलं.

खाली आले. मुलीला तपासणीला न्यायचं होतं, तिची आई तिला फ्रॉक घालत होती. म्हाताऱ्यानं विचारलं, वर जाऊन एवढा वेळ काय लिहिलं? मला खोटं बोलता आलं असतं. दारात उभी राहून मी त्याला सगळं सांगितलं, चहाच्या ग्लासापर्यंत. तो हातातली दोरी वळत राहिला. रागावला असता, शिवी दिली असती, तर मला ते पेललं असतं.

"तवा यायाचा होता, ताई," तो म्हणाला. "ती घरीच होती. रोज घरीच होती."