वरच्या मजल्यावरच्या वहिनींची टेस्ट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींइतकं एका लॅपटॉपचं कोडकौतुक करणारं माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या सांता क्लारात दुसरं नव्हतं. पुण्याहून आणलेला तो लॅपटॉप २००५ पर्यंत पार म्हातारा झाला होता. पण प्रोसेसरचा वेग मोजणारा प्रोग्रॅम वहिनी त्यावर रोज लावायच्या आणि लागलेला वेळ वहीत लिहायच्या. टेस्ट चालू असताना खोलीत दोनच्या वर पाहुणे चालत नसत. माणसांनी खोली तापते, खोलीने प्रोसेसर तापतो, आणि तापला की तो आपणहून वेग कमी करतो. "वाईट नाही हो तो, भावोजी, फक्त लवकर दमतो," असं मला समजावत त्या लॅपटॉपखाली फ्रोझन मटारचं पाकीट सरकवायच्या. संध्याकाळी त्याच मटारची उसळ. एकदा नवऱ्याच्या दाढीच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढली आणि चार मिनिटं बारा सेकंदांची टेस्ट तीन अठ्ठावन्नात संपली, तर बाईंनी बिल्डिंगभर शिरा वाटला! "अगं, माझा ऑफिसचा नवा लॅपटॉप वापर ना," नवरा वैतागून म्हणायचा. "नव्याचं काय तपासायचं?" हे उत्तर ठरलेलं.

आम्ही पोट धरून हसायचो. पुण्यात त्या चिप तपासण्याचंच काम करायच्या, लग्न करून नवऱ्याच्या व्हिसावर आल्या आणि इथे त्यांना नोकरीची परवानगीच नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हसताना कुणाला आठवायचं नाही. सहा वर्षांनी, २००७ मध्ये, वर्क परमिट हातात आलं. पहिल्या इंटरव्ह्यूहून त्या परतल्या त्या वर न जाता आमच्याच दारात उभ्या राहिल्या.

"सहा वर्षं काय केलंत, विचारलं. टेस्टिंग, म्हटलं. कुठे? म्हटलं, घरी, जुन्या लॅपटॉपवर. हसला हो तो. त्याला वाटलं, मी जोक केला."

मीही सवयीने हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

आणखी दोन ठिकाणी जाऊन आल्या. मग आपल्या लहान मुलीच्या शाळेत, जेवणाच्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायचं काम त्यांनी धरलं. टेस्ट बंद पडली. कधी, ते आम्हाला कळलंही नाही.

त्याच वर्षी माझ्या कंपनीत टेस्टिंगच्या दोन जागा रिकाम्या होत्या. वहिनींनी कधी विचारलं नाही, आणि त्यांचे किस्से कॅन्टीनमध्ये रंगवून सांगणाऱ्या मला त्यांचं नाव पुढे करायचं एकदाही सुचलं नाही. पुढे ते कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला राहायला गेलं. गाडीत बसताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तब्येतीला जपा. फार काम करू नका." त्या दोन जागांचं तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी नुसतंच "हो" म्हणालो.