रेडियमच्या ब्रशाचं टोक

तोंडानं बोलायला अवघड असेल ती गोष्ट छापील कागदावरून कळवायची, अशी आमच्या घरातली पद्धत होती. अप्पा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. गिरणी कामगारांची पत्रकं, सभांच्या जाहिराती, कुटुंबनियोजनाची माहिती, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि छपाईत वाया गेलेल्या प्रती घरी यायच्या. मी वयात आले तेव्हा आईनं काहीच सांगितलं नाही. अप्पांनी एक पत्रक घडी करून माझ्या दप्तरात ठेवलं. दादा विड्या ओढतो हे कळलं तेव्हा त्याच्या ताटाशेजारी क्षयरोगाचं पत्रक आलं. दादानं ते वाचलं, खिशात घातलं आणि त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

अशा घरात वाढल्यामुळं मला जाब विचारायची सवय लागली होती. मी कॉलेजात जायला लागल्यावर तर दादा मला बघितलं की म्हणायचा, "आली बघ सभा."

दादा घड्याळाच्या दुकानात कामाला होता. त्याचं खास काम रेडियमचं. जुन्या घड्याळांच्या आकड्यांवरचा, काट्यांवरचा चमकणारा रंग उडाला की तो नव्यानं भरायचा. डबीतली पूड डिंकात कालवायची आणि चार केसांच्या ब्रशानं आकडा रंगवायचा. दोन आकडे झाले की ब्रश फिसकटतो. मग तो ओठांत धरून हलकेच फिरवायचा, की सुईसारखं टोक. हे त्याला मालकांनी शिकवलं होतं आणि मालक स्वतःही तसंच करत. "पाण्यात बुडवून टोक येत नाही," दादा सांगायचा. "थुंकीच लागते."

तो पदार्थ पोटात जातो, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यावर इलाज होता गुळाचा. छापखान्यातली सगळी माणसं सुट्टी झाल्यावर गुळाचा खडा खायची, म्हणजे शिसं पोटात राहत नाही. अप्पांचं बघून दादानंही तेच सुरू केलं. संध्याकाळी दोघं घरी आले की वहिनी दारातच दोन वाट्यांत गूळ आणि पाणी ठेवायची. एक वाटी शिशासाठी, एक रेडियमसाठी.

वहिनी माळशिरसकडच्या खेड्यातली. लग्नाला सहावं वर्ष लागलं होतं आणि मूल नव्हतं. आईनं तिला दोनदा बायकांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा डॉक्टरीण म्हणाली, हिच्यात काही दोष नाही. आईनं त्याचा अर्थ असा लावला की डॉक्टरणीला दोष सापडला नाही. त्या वर्षी नवरात्रात आईनं ठरवून टाकलं. वहिनीनं दिवाळीला माहेरी जायचं आणि बोलावणं जाईपर्यंत तिथंच राहायचं. मावशीनं एक मुलगी सुचवली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"कायद्यानं दुसरं लग्न करता येत नाही," मी आईला पत्रकासकट सांगितलं.

"कायद्याला कोण बोलावणं पाठवतंय?" आई म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

त्याच आठवड्यात अप्पांनी अणुबाँबविरोधी सभेच्या पत्रकाची एक पुसट प्रत आणली. आईनं ती शेंगाचटणीच्या डब्याखाली अंथरली. तेल पाझरून अक्षरं उलट ठळक झाली होती. त्यात एक परिच्छेद होता. किरणोत्सारी पदार्थ बाहेर असतो तेव्हा त्याच्यापासून लांब जाता येतं. तो श्वासातून किंवा अन्नातून आत गेला की माणूस जिथं जाईल तिथं तो बरोबर असतो. ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांना किरणांचा मार आधी बसतो. उदाहरण म्हणून रक्त तयार करणाऱ्या पेशी आणि पुरुषाच्या शुक्रपेशी. मी डबा बाजूला सरकवून ते तीनदा वाचलं. मग दादाचा ब्रश आठवला.

कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेले. शुक्रपेशी हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा म्हणून दाराबाहेर दोनदा म्हणून पाहिला. सरांनी माझ्याकडं न बघता फळ्याकडं बघत समजावून सांगितलं. रेडियममधून निघणारे काही कण इतके आखूड पल्ल्याचे असतात की साधा कागदही त्यांना अडवतो, कातडीही अडवते. म्हणून डबी टेबलावर असताना ते फार काही करत नाहीत. पण पोटात गेल्यावर पेशी आणि तो कण यांच्यात अडवायला काहीच नसतं. सगळी ताकद तो तिथल्या तिथं खर्च करतो. दुसरे काही किरण मात्र कागदातूनही पार जातात.

"पण डबीत खरंच रेडियम आहे कशावरून?" सरांनी विचारलं. "हल्ली नुसती उजेड साठवणारी पूडही मिळते. तिला लोक रेडियमच म्हणतात. ती निरुपद्रवी असते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी थेट दुकानाच्या मालकांना जाब विचारायला निघाले होते.

सरांनी काळ्या कागदात गुंडाळलेली एक्स-रेची फिल्म दिली आणि काय करायचं ते सांगितलं: कागदातून किरण पार गेले, तर धुतल्यावर तिथं फिल्म काळी दिसेल. दादाला मी कॉलेजच्या प्रयोगासाठी हवं म्हणून त्याचं सामान एका सुट्टीत घरी आणायला लावलं. दुकानात दोन डब्या होत्या, एक जुनी आणि एक अलीकडं आणलेली. दोन्हींतली चिमूट-चिमूट पूड कागदाच्या पुड्यांत बांधली. एक जुना, टाकून दिलेला ब्रशही घेतला. तिन्ही वस्तू फिल्मवर ठेवल्या, वर पाटी ठेवली आणि सगळं माझ्या पेटीत आठ दिवस बंद केलं. "तुझ्या प्रयोगाला अंडी उबवायची आहेत काय?" दादानं विचारलं.

आठवड्यानं कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत सरांनी फिल्म धुतली. नव्या पुडीच्या जागी काही नव्हतं. जुन्या पुडीच्या जागी काळा डाग होता. आणि त्याच्या शेजारी ब्रश उमटला होता. दांडा नव्हे, फक्त केसांचं टोक, स्वल्पविरामाएवढं.

मला आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. कोडं सुटल्याचा आनंद. दादाच्या ओठांची आठवण त्यानंतर आली.

फिल्म मी सगळ्यांत आधी वहिनीला दाखवली. ती चुलीपुढं होती. तिनं फिल्म उजेडाकडं धरली.

"ह्यो ब्रश ह्यांच्या तोंडात जातो?"

"रोज."

"मग गूळ कशापायी खायचा?"

"गुळानं काही होत नाही वहिनी. आत गेलेलं तसं निघत नाही. हाडांत जाऊन बसतं. आत जाऊच द्यायचं नाही, एवढाच इलाज आहे."

तिनं फिल्म माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, "वन्सं, मला दोनदा झोपवून तपासलं. ह्यांना कुनी तपासलंय का?"

दादाला हे तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी रात्रभरात नव्हे, दोन दुपारी खपून पत्रक लिहिलं. ब्रश ओठांत धरू नका. पूड उघडी ठेवू नका, झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कामाच्या टेबलावर खाऊ नका, जेवणाआधी साबणानं हात धुवा. आणि शेवटी ठळक: रेडियममुळं पुरुषाला मूल होत नाही, तपासणी करून घ्या.

अप्पांनी ते जुळवायला घेतलं. संध्याकाळी एकच ओली प्रत घेऊन आले. शेवटच्या ओळीत फक्त 'तपासणी करून घ्या' एवढंच होतं.

"माझी ओळ कापली," मी म्हणाले.

"ते खरं आहे हे तुला ठाऊक आहे, की ते खरं असायला हवं आहे?" अप्पांनी विचारलं.

मी चिडले. पत्रकात असं मऊ लिहून चालत नाही, असं मला वाटत होतं. कागद दादाच्या ताटाशेजारी गेला. दादानं वाचला, घडी केली, खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शुक्रपेशी फार कमी आहेत, ज्या आहेत त्या मंद आहेत. मी दादाबरोबर गेले होते. मला बाहेर बसवलं होतं, पण पडद्याआडून ऐकू येत होतं. फिल्म मी आत पाठवली होती. डॉक्टर म्हणाले, रेडियम बहुतेक हाडांत जातं, अंडकोशापर्यंत किती पोचतं ते मला सांगता येणार नाही. लहानपणच्या गालगुंडामुळंही असं होतं, आणखी काही असेल. ब्रश मात्र आजच सोड. नवीन शुक्रपेशी तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा तीन महिन्यांनी परत ये. त्यांना जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले. घरी येईपर्यंत मी त्यांच्यावर रागावले होते. अप्पांनी माझी ओळ का कापली ते मात्र कळलं आणि त्यांच्यावरचा राग तिथंच संपला.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत थोडा फरक दिसला. ब्रश सुटल्यामुळं की आणखी कशानं, हे डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं नाही, आणि मला ते अजून जाणून घ्यायचं आहे. दादानं आकडे रंगवायला ब्रशाऐवजी बांबूच्या कामटीचं टोक तासून घेतलं होतं. मालक आधी हसले, मग त्यांनीही एक मागून घेतली.

पण पहिल्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर दादा चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला आणि आईला म्हणाला, "दोष माझ्यात आहे. मावशीला सांग, मुलगी दुसरीकडं दाखव म्हणावं."

"हळू बोल की," आई म्हणाली. "शेजारी ऐकतील."

"हिच्याबद्दल बोलताना कुठं हळू बोलत होतो?"

आई परातीतलं पीठ मळायला लागली. वहिनीनं दादाकडं बघितलंही नाही. "सा वर्सं लागली ह्ये कळाया," ती म्हणाली. मग आईकडं वळली. "आत्याबाई, भाऊबीजेला मी जानार हाय. चार दिवस ऱ्हाईन आन् पाचव्या दिशी माझी मी यीन. बोलावनं नको मला."

आईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मावशीचं पत्र आलं, त्याला तिनं उत्तर लिहिलं नाही.

भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी दुपारी वहिनी एसटीनं आली. हातात पिशवी, केसांत धूळ. दार आईनंच उघडलं. मग आई दारातून बाजूला झाली.

"गाडीला गर्दी होती काय?"

"व्हय. उभ्यानंच आले."

"बस मग. ताट वाढते," आई म्हणाली आणि आत गेली.