डिसेंबरची सावली

परीक्षित देवस्थळी मूळचा नागपूरचा. अमेरिकेत जॉर्जियातल्या त्या जुन्या, बैठ्या गावात चर्चच्या मनोऱ्याहून उंच काही नव्हतं. तिथे तीस मजली टॉवर बांधायला निघालेल्या कंपनीत तो इंजिनियर होता. त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीनेच केलेला; नोकरी गेली की रांग पुन्हा पहिल्यापासून.

टॉवरच्या सावलीचा नकाशा त्यानेच काढला होता. साहेबाने जूनचा मागितला, कारण जूनमध्ये सावली आखूड पडते.

टॉवरसाठीच्या २००६ च्या जनसुनावणीत शेजारच्या मार्गारेट उठल्या. परीक्षितच्या घराला अंगण नव्हतं; तान्ह्या मुलीला तेल लावून त्याची बायको आसावरी रोज मार्गारेटच्याच अंगणात कोवळ्या उन्हात बसायची.

"परीक्षित, डिसेंबरात माझ्या अंगणात ऊन येईल?"

येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. साहेब त्याच्याकडेच बघत होता.

"जूनचा नकाशा बरोबर आहे," तो म्हणाला.

"मी डिसेंबरचं विचारलं," म्हणून त्या खाली बसल्या.

रविवारी मार्गारेटचं फाटक नेहमीसारखं उघडं होतं. खुर्चीही उन्हात मांडलेली.

"आज तू बस ना रे हिला घेऊन," आसावरी म्हणाली.

त्याने मुलीला घेतलं आणि घरातच खिडकीशी बसला. तिथे ऊन येत नव्हतं.