करड्या पट्टीखालचा खड्डा

आधीच सांगते — या सदरातले अतर्क्य अनुभव वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांपैकी मी एक. माझ्या नवऱ्याला, निखिलला, असलं वाचायचा नाद आहे आणि त्यावरून मी त्याची भरपूर टर उडवलेली आहे. आता तोच म्हणतोय, "लिही की तूच!" म्हणून लिहितेय. चिडूनच लिहितेय.

आम्ही दोहात नजमा भागात राहतो. निखिल मुशैरिबमधल्या एका ऑफिसात इंजिनिअर, मुलगी ईरा शाळेत, आणि मी चाळिशीला टेकल्यावर पीएचडीच्या भानगडीत पडलेली. विषय पार्टिकल फिजिक्स, तेही प्रयोगाच्या बाजूचं. प्रयोगाचं यंत्र तिकडे युरोपात, जमिनीखाली. त्यातून येणारा डेटा आम्ही जगभरातले लोक आपापल्या जागी बसून चाळतो. येत्या उन्हाळ्यात निखिलचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. त्याची नोकरी गेली की आमचा इथला मुक्काम संपला. तोवर माझा थिसिस झाला तर झाला, नाहीतर खलास. सहा वर्षांचं काम पाण्यात.

आता एक नियम समजून घ्या, सगळा घोळ त्याच्यावरच आहे. ग्राफच्या ज्या भागात नवीन कण सापडण्याची आशा असते, तो भाग आम्ही स्वतःच झाकून ठेवतो. आपल्याला हवं ते दिसावं म्हणून माणूस नकळत हिशेब वाकवतो ना, म्हणून. आधी पद्धत पक्की करायची, सगळ्यांनी मान्य करायची, मगच झाकण काढायचं. आधी कुणी डोकावलं तर सगळं काम बाद. माझ्या लॅपटॉपवर त्या जागी नुसती करडी पट्टी होती. खालचे आकडे माझ्याकडे नव्हतेच, ते तिकडे कुलपात.

आणि माझ्या सासूबाईंना झाकलेलं काही बघवत नाही! दर हिवाळ्यात त्या नाशिकहून येतात. भाताचं झाकण उघडून बघणार, पार्सलची चिकटपट्टी खरवडून बघणार. विरजणाचं झाकण तर इतक्यांदा उघडतात की दही बिचारं लागतच नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारची दुपार. आमचा शुक्रवार सुट्टीचा आणि युरोपाचा कामाचा, त्यामुळे मला सुट्टी अशी नसतेच. मी डायनिंग टेबलावर ग्राफ उघडून बसले होते. समोर आई, सासूबाईंना मी आईच म्हणते, सूक वाकिफच्या बाजारातून आणलेली हळद चिमटीत चोळून तिला नावं ठेवत होत्या. मग उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे मधलं का झाकलंस गं?"

"आई, ते इतक्यात उघडायचं नसतं. तिथे काय आहे ते आम्हालाही माहीत नाही."

"माहीत नाही काय? खड्डा आहे की. हा काय, इथे." आणि हळदीचं बोट थेट स्क्रीनवर!

"आजी! डोन्ट टच द स्क्रीन!" ईरा सोफ्यावरून ओरडली.

मी म्हटलं, "आई, उंचवटा आला तर नवीन कण, सपाट आलं तर नेहमीचंच. खड्डा कुणालाच नकोय."

"मग मी काय करू? आहे ते सांगितलं." आणि परत हळदीकडे.

पिवळा डाग पट्टीवरच, मध्यापासून जरा डावीकडे राहिला. दर वेळी लॅपटॉप उघडला की वैताग यायचा, पण पुसायचं राहून जायचं.

पुढच्या शुक्रवारी ऑनलाइन मीटिंगमध्ये झाकण काढायचं होतं. आमच्यात पद्धत आहे, उघडण्याआधी प्रत्येकाने गमतीने आपला अंदाज सांगायचा. सगळे म्हणाले, सपाट. माझी पाळी आली आणि मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे... मी म्हटलं, "माझ्या सासूबाई म्हणतात, खड्डा आहे. डावीकडे." सगळे खो खो हसले.

पट्टी गेली. खड्डा होता. खोल, अरुंद... आणि बरोब्बर त्या हळदीच्या डागाखाली.

कुणी हसेना. माझ्या गाईडनी, भले गृहस्थ पण विनोदाशी वाकडं, हळूच विचारलं, "मृदुला, तू आधी बघितलं होतंस का?"

झालं! चौकशी लागली. माझं काम थांबवलं आणि मला लेखी खुलासा मागितला. मी जे घडलं ते लिहिलं. सासूबाई, हळद, बोट, सगळं. गाईडचा फोन आला.

"हे मी कमिटीला पाठवू शकत नाही."

"मग काय लिहू?"

"जे घडलं ते."

"अहो, हेच घडलं!"

बरं, चोरून बघणारी बाई भर मीटिंगमध्ये ते सांगेल का? एवढी साधी अक्कल कुणाला नसावी? रडू यायचं मला. इतकी वर्षं मान मोडून काम केलं आणि आता लोक माझ्याशी जपून बोलायला लागले. कॉम्प्युटरच्या नोंदींत कुणीही डोकावल्याचं निघालं नाही. मग दुसऱ्या टीमने सगळं काम पहिल्यापासून केलं, त्यात महिने गेले. खड्डा तिथेच! शेवटी ठरलं की हा योगायोगाने झालेला चढउतार असावा. नवीन डेटा येतोय, त्यात खड्डा भरून आला तर योगायोग पक्का आणि थिसिस मंजूर. नाही भरला तर चूक शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उन्हाळ्याच्या आत ते होणं शक्यच नाही.

आईंना मी खोदून खोदून विचारलं, कसं दिसलं तुम्हाला? तर म्हणे, "अगं, दिसतच होतं की. मला वाटलं, तू मुद्दाम लपवतेस."



या हिवाळ्यात त्या परत आल्यात. नवीन डेटाचा ग्राफ झाकून तयार आहे आणि पुढच्या शुक्रवारी तो उघडायचाय. या वेळी मी ग्राफ घरी आणलेलाच नाही. लॅपटॉपसुद्धा युनिव्हर्सिटीत ठेवून येते. घरात विषय नाही. निखिलला मी ईराची शपथ घालून विचारलंय, तोही आईंपाशी काही बोललेला नाही.

परवा जेवताना मी नुसती भात चिवडत होते. आईंनी माझ्या पानात आमटी वाढली आणि म्हणाल्या, "तोंड पाडून काय बसलीस? भरलाय या वेळी तो खड्डा. जेव आता."

निखिल माझ्याकडे बघून घाईघाईने मान हलवायला लागला, मी नाही सांगितलं म्हणून.

नियम सांगतो, कुणाला आधी कळलं तर त्याने कळवायचं. कळवलं तर पुन्हा चौकशी आणि थिसिस गेला. आणि कळवू तरी काय? की नजमामधल्या एका फ्लॅटमध्ये आमटी वाढताना निकाल लागला? याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. गाईडकडे नाही, आणि आईंना तर स्पष्टीकरण कशाला हवं तेच कळत नाही. माझा अजूनही असल्या कशावर विश्वास नाही.

पण सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? ते ऐकलं आणि मी ताट पुढे ओढलं, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.