हातभर उंच आढं

चैत्रातल्या दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, नागूभाऊ लोकांच्या घरात शिरायचे, दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगायचे आणि माजघराच्या मधोमध सारवलेल्या जमिनीवर सरळ उताणे पडायचे. नव्या माणसाला वाटे, याला चक्कर आली. १९६१ साली लग्न होऊन मी खालापूरहून भिवपुरीजवळच्या आमच्या गावात आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात हे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"राहू द्या वयनी," ते पडल्या पडल्या म्हणाले, "घर कुटं गळतंय त्ये बगतोय."

आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि हा बाबा गळती शोधतोय! मला हसू आवरेना. मग त्यांनी वर बोट केलं. अंधाऱ्या छपरात उजेडाचे बारीक बारीक दाणे दिसत होते. "घराला उन्हात गळताना बगावं," ते म्हणाले. "पावसात बगून काय करणार? तवा निस्ती भांडी मांडायची." माझं हसू तिथंच थांबलं.

नागूभाऊ दहिवलीचे. नदीकाठी भाताचा लहानसा तुकडा होता, त्यावर घर चाले. पण चैत्र-वैशाखात त्यांचा पाय घरी नसे. पावसाळ्याआधी घराची सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा नीट रचायची, याला आमच्याकडे शाकारणी म्हणतात. शाकारणी करता येणारी माणसं पुष्कळ होती. पण लोक म्हणत, इतरांनी शाकारलेल्या घरात पावसाळा काढावा लागतो, नागूने शाकारलेल्या घरात पावसाळा जातो.

प्रत्येक कौल ते डाव्या हातावर तोलत आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्यावर वाजवत. चांगलं कौल खणखणीत बोले. केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येई, मग ते कौल कितीही देखणं असो, अंगणात. छपरावर ते अनवाणी चालत आणि पाऊल बरोबर वाशावर पडे, रिकाम्या जागी कधी नाही. त्या काळात मी एकदाही त्यांच्या पायाखाली कौल फुटलेलं ऐकलं नाही. स्वभाव मात्र तिरकस. दुसऱ्याने केलेलं वाईट काम दिसलं की घराच्या धन्याला विचारत, "ह्ये कोणी घातलं? जावयानं काय? मग बोलत नाय."

थेंब पडतो तिथे भोक शोधणाऱ्याला ते वेडा म्हणत. पाणी वर कुठेतरी आत शिरतं, वाशावरून खाली चालत येतं आणि गाठ लागली की टपकतं. वाशावरच्या काळ्या डागावरून बोट फिरवत ते वरपर्यंत जात आणि बरोबर त्या कौलाशी थांबत. गळतीचं त्यांचं एक वाक्य मला आजही पाठ आहे. सरळ पावसात गळतं ते कौलाचं, वाऱ्याच्या पावसात गळतं ते उताराचं. कौल बदलता येतं, उतार बदलायचा तर घराच्या डोक्याला हात घालावा लागतो.

आणि आमच्या घरी नेमकं तेच आडवं आलं.

तोवर आमच्याकडे सगळ्या घरांवर नळीची कौलं होती, गावच्या कुंभाराने भाजलेली. आम्ही त्यांना नळे म्हणायचो. नळे नुसते एकावर एक ठेवलेले असतात, त्यांना धरायला काही नसतं. म्हणून छपराचा उतार निवांत ठेवायचा, नाहीतर ते घसरतात. मंगलोरी कौलाला मागे आकडा असतो, ते वाशांवरच्या आडव्या लाकडी रिपेला धरून बसतं. त्याला उतार चढा लागतो. चपट्या उतारावर ते घातलं की वाऱ्याचा पाऊस कौलाच्या पोटाखालून उलटा वर चढतो. हे मी आज शहाण्यासारखं सांगते आहे, पण तेव्हा अख्ख्या तालुक्यात किती जणांना ठाऊक होतं? लोकांना दिसत होती ती लालबुंद, एका रेषेत बसलेली कौलं. ज्याच्या घरावर ती, तो मोठा.

१९६३च्या चैत्रात माझे थोरले दीर पोशा आणि माझे यजमान कान्हा यांनी खालापूरच्या वखारीतून चार बैलगाड्या मंगलोरी कौलं आणली. नागूभाऊंना बोलावणं गेलं. ते आले, उताणे पडले, उठले आणि दोघा भावांना मागच्या पडवीत घेऊन गेले. मी दाराआड तांदूळ पाखडत होते. पोटात हिरू होती, सातवा महिना.

"आढं हातभर उचलाय पायजे," नागूभाऊ म्हणाले. "ह्या उतारावर मंगलोरी चालायचं नाय."

"उचलायचं म्हंजे खाली उतरवायचं?" पोशादिरांनी विचारलं.

"उतरवायचं, खांब उंच घ्यायचं, परत चढवायचं."

मी सूप खाली ठेवलं. आढं म्हणजे छपराच्या शेंड्याची तुळई, घराचं सगळं ओझं तिच्यावर. घर बांधताना घरधनी तिला नारळ देतो आणि स्वतःच्या हाताने खण बांधतो. आमच्याकडे अशी समजूत होती की ज्याने खण बांधला तो जिवंत असताना आढं उतरवायचं म्हणजे त्याचं मरण चिंतायचं. आमच्या आढ्याला खण बांधला होता माझ्या सासऱ्यांनी, बुधाजींनी. त्या वेळी ते सत्तरीला आले होते आणि पुढच्या ओटीवर बसून खणखणीत आवाजात गुरांना शिव्या देत होते.

"बाबा जिता असताना?" पोशादीर म्हणाले. "येडा झालास काय रं?"

"मग त्यांस्नीच इचारा. नायतर नळेच राव द्या."

"चार गाड्या कौलं आणली, गावानं बगितली," आमचे हे म्हणाले. "आता परत धाडायची? आनि बाबांस्नी कोण इचारणार, तुमाला उतरवू का म्हणून?"

शेवटी पोशादिरांनी नागूभाऊंना ग्रामदेवाची आण घातली, हा शब्द बाबांच्या कानावर जाता कामा नये. नागूभाऊंनी आण घेतली. काम का घेतलं, हे कोडं मला पुष्कळ वर्षं पडलं होतं. ते आढं त्यांच्या वडलांनी चढवलं होतं, हे एक कारण असेल. दुसरं त्यांनीच पुढे सांगितलं: "घमेंड, वयनी. वाटलं, माज्या हातानं निभंल."

आणि हात लावायचं काही त्यांनी बाकी ठेवलं नाही. एकेक कौल वाजवून घेतलं, पश्चिमेच्या बाजूला कौलांखाली सागाची पानं दाट अंथरली, आढ्यावरची कौलं चुन्यात बसवली. घर असं देखणं झालं की भिवपुरीच्या बाजारातून लोक वाकडी वाट करून बघायला येत.

मृगाचा पाऊस सरळ पडला. घर कोरडं. पोशादीर मिशीला पीळ देत हिंडले. आषाढात घाटावरून ढग उलटे फिरले, पश्चिमेचा वारा सुटला आणि तिसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत, माझ्या खाटेवर, पहिला थेंब पडला. मग मोजायचं सोडूनच दिलं. मी महिन्याच्या हिरूला घेऊन खाट ओढत सगळं घर फिरले. चुलीपाशी तेवढी कोरडी जागा राहिली. पोरीला धुराने खोकला लागला.

पाऊस जरा थांबला की नागूभाऊ दहिवलीहून चालत येत. ओल्या छपरावर चढत, हे कौल काढ, ते घाल, सागाची कुजलेली पानं बदल. त्यांना ठाऊक होतं याने काही होणार नाही. मला ठाऊक होतं. दोघा भावांना ठाऊक होतं. उतरले की मी चहा देई, ते खाली बघून पीत आणि जात. गावात बोलणं सुरू झालं. नागूला नळेच जमायचे, मंगलोरी त्याच्या हातचं नव्हे. बापाचं नाव घालवलं. श्रावणात माझ्या माहेरून, खालापूरहून निरोप आला. तिथली तीन घरं पुढच्या वैशाखात नागूभाऊंनी शाकारायची ठरली होती, ती आता दुसऱ्याला दिली. माझ्याच वडलांचं घर त्यातलं एक. तो निरोप मी ऐकला आणि गप्प राहिले. नव्या सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही रीत मला त्या वेळी फार सोयीची वाटली. खोटं कशाला सांगू?

नारळी पौर्णिमेच्या सुमाराची गोष्ट. नागूभाऊ छपरावरून उतरले, पाय चिखलाने भरलेले. ओटीवर सासरे आणि गावातले चार म्हातारे बसले होते. सासऱ्यांचा राग आधीपासून तापलेला.

"नाग्या," ते ओरडले, "तुजा बाप असता तर तुला ह्याच आढ्याला बांधून फोडला असता! माजी नात धुरात मरतेय आनि तू हितं कौलं खेळतोस? उद्यापासून माज्या दारात येऊ नको. कोनाच्याच छपरावर चढू नको."

नागूभाऊ मान खाली घालून उभे राहिले. पोशादीर गोठ्याकडे बघत होते. आमचे हे उंबऱ्यात होते, त्यांनीही तोंड फिरवलं. माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी खाली ठेवली.

"मामा," मी म्हणाले. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, पण मनात. उघड ही पहिलीच हाक. "भाऊंनी आधीच सांगितलं होतं. आढं हातभर उचलल्याबिगर भागायचं नाय. तुमच्यासाठी म्हणून कोणी उचललं नाय. भाऊंना आण घातलीय."

सासऱ्यांनी माझ्याकडे नाही, नागूभाऊंकडे बघितलं. "खरं काय रं?"

"मला बोलता यायचं नाय, काका," नागूभाऊ म्हणाले. त्यात सगळं आलं.

सासरे वर आढ्याकडे बघू लागले. मग हसायलाच लागले. "आढं उतरवलं तर मरन, आनि नाय उतरवलं तर काय अमर व्हईन? आरं गाढवांनो, बापाचा जीव लाकडात ठेवलात आनि पोरीला पावसात!" दोन्ही मुलांची त्यांनी चार म्हाताऱ्यांदेखत अशी काही हजामत केली की पोशादीर दोन दिवस जेवायला घरात आले नाहीत.

दिवाळी झाल्यावर त्यांनी स्वतः शिडी चढून खण सोडला. गावच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. खाली आल्यावर त्यांनी अंगणात बाज टाकायला लावली आणि काम संपेपर्यंत रोज तिथे बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, "बगून घ्या, हाय अजून." हातभर म्हणजे कोणाचा हात, असा प्रश्न निघाला तेव्हा नागूभाऊंनी सुतळी सासऱ्यांच्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत धरली आणि तेवढं माप खांबांना दिलं.

पुढच्या आषाढात तोच वारा आला, तसाच पाऊस आला, आणि घरात टिपूस पडला नाही. सासरे त्यानंतर सात वर्षं जगले. खालापूरची तीनही घरं नागूभाऊंकडे परत आली, माझे वडील स्वतः बोलवायला गेले. आणि मी? मी गावात मोठी झाले. भल्या माणसाची बाजू घेणारी सून म्हणून माझं नाव झालं. लग्नकार्यात बायका आपल्या सुनांना माझं उदाहरण देत. मी ते ऐकून घेत आले.

१९८४च्या सुमारास नागूभाऊ थकले. गावात सिमेंटचे पत्रे आणि स्लॅब आले होते, शाकारणीला कोणी बोलवत नसे. मी त्यांना बघायला दहिवलीला गेले. ते ओटीवर बसले होते, गुडघे सुजलेले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून सुटलं. "भाऊ, मी त्या दिवशी दाराआडून सगळं ऐकलं होतं. चैत्रातच. पौर्णिमेपर्यंत गप्प बसले. तुमचं नाव जात होतं आणि मी बघत होते."

त्यांनी सहज मान हलवली. "ठावं हाय की. पाखडता पाखडता सुपाचा आवाज थांबला व्हता."

म्हणजे त्या सगळ्या पावसात ते रोज येत होते, माझ्या हातचा चहा घेत होते, आणि त्यांना माहीत होतं की आपली साक्षीदार मी आहे. एकदाही त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही.

"मग मला म्हणाला का नाही? नुसतं बघितलं असतं तरी मी बोलले असते."

"म्हनून तर बगितलं नाय, वयनी," नागूभाऊ म्हणाले. "घरानं तुमास्नी भायेर काडलं असतं तर? अंगावर पोर व्हती तुमच्या."