चपला बाहेर काढायचं गॅरेज

गाडी आत घ्यायच्या आधी दादा स्वतःच्या चपला बाहेर काढायचे, अनवाणी आत जायचे आणि फरशीवरून तळपाय फिरवून बघायचे. खडा, स्क्रू, वेल्डिंगचा मणी, काहीही पायाला लागलं की वाकून उचलायचे. मग वळून गिऱ्हाइकावर ओरडायचे, "फरशी बघा राव, फरशी! गाडी काय पळून चाललीय?"

पेठ आणि मंचरच्या मधे, हायवेला लागून त्यांचं वेल्डिंगचं गॅरेज होतं. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर बघितलंही असेल. समोर कांद्याचे पिकअप उभे, आणि दाराशी चपलांचा ढीग. गॅरेजबाहेर चपला काढायला लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. माझं बॅटरीचं दुकान शेजारीच. गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची वायर सोडवावी लागते, त्यामुळे रोज भिंतीवर पान्हा वाजायचा आणि हाक यायची, "भाऊ, बॅटरी!" आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

गावात लोक त्यांना तापट म्हणायचे, पाठीमागे 'टाइल्सवाला सायब' म्हणून हसायचे. मला त्या हसणाऱ्यांचा राग यायचा, अजून येतो. कारण ती फरशी कशासाठी होती हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दादांच्या वस्तीतल्या बौद्ध कुटुंबांना वंदनेसाठी एकत्र बसायला जागा नव्हती. समाजमंदिराचा विषय ग्रामसभेत निघायचा, "पुढच्या वेळी बघू" म्हणून सगळे माना डोलवायचे आणि चहा यायचा. शेवटी दादांनी वैतागून आपल्याच गॅरेजात पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या. रविवारी संध्याकाळी गाड्या बाहेर काढायच्या, फरशी सोड्याने धुवायची, आणि मग सगळी वस्ती तिथे मांडी घालून बसायची. पान्ह्यांच्या कपाटावर बुद्धाची मूर्ती. आमच्या एवढ्या जमीनजुमल्याच्या गावाला एक खोली देववली नाही, आणि तापट कोण, तर हा माणूस!

बाकीचे दिवस पोट त्याच फरशीवर भरायचं, म्हणून तिला जपणं आलं. बटाट्याची तागाची बारदानं पाण्याच्या पिंपात बुडवून, चांगली भिजली की गाडीखाली अंथरायची. त्यावर पत्रे, एकावर एक चढवून, मधे फट न ठेवता. स्वतःसाठी एक कोरडी फळी, कारण ओल्यात उभं राहून वेल्डिंग करणं म्हणजे शॉक ओढवून घेणं. ग्राइंडर मारला तर काम झाल्यावर सगळा कीस ब्रशने गोळा करायचा. तो टाइलवर राहिला आणि ओल लागली की तिथे गंजाचे ठिपके उठतात. ह्या सगळ्याला वेळ लागायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर दादा म्हणायचे, "आमची बारकी पोरं रांगत्यात हितं. तुमी रांगनार असाल तर न्हाई टाकत बारदान."

एकदा कुणीतरी शहाणपणा शिकवला, "दादा, आण्णांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लई पडल्यात. ते टाका की खाली."

"आण्णा पेट घेतील ना राव," दादा म्हणाले. आम्ही खूप हसलो.

आण्णा म्हणजे आमच्या गावातले बडे बागायतदार. ग्रामसभेत "पुढच्या वेळी बघू" म्हणायचे ते हेच.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी आण्णांची जीप आली. पाहुण्यांना भीमाशंकरला न्यायचं होतं आणि सायलेन्सरची पट्टी तुटून लोंबत होती. एरवी आण्णा बाहेरच थांबायचे, पण त्या दिवशी ड्रायव्हरने जीप सरळ फरशीवर घेतली आणि आण्णा दोन माणसांसह बूट घालून आत आले. दादा काही बोलायच्या आत म्हणाले, "आवर लवकर. पाहुणं खोळंबल्यात."

"बारदानं भिजूं द्या. मग लगेच करतो," दादा म्हणाले आणि मागे पिंपाकडे गेले.

मी बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवत होतो. तेवढ्यात ड्रायव्हरने जीपच्या मागून वाढदिवसाचा फ्लेक्स काढला आणि गाडीखाली पसरला. त्याला ट्रॉल्या जोडण्यापुरतं वेल्डिंग येत होतं. मी ओरडलो, "अरे, पेटेल ते!" त्याने आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी मानेनेच 'कर' म्हणून खुणावलं. त्याने सरळ दादांचं मशीन चालू केलं आणि गाडीखाली शिरला.

पहिल्याच ठिणग्यांनी फ्लेक्सला भोकं पडली. मग हात जोडून हसणारे आण्णा आक्रसले, धुमसले आणि टाइलवर वितळून बसले. दादा मागून आले तेव्हा त्यांच्या हातात निथळती बारदानं होती. त्यांनी आधी मेन स्विच पाडला, ती त्या धुरावर फेकली आणि ड्रायव्हरला पाय धरून गाडीखालून ओढून काढलं.

"त्यात काय एवढं?" आण्णा म्हणाले. "टाइल बदलून देतो."

दादा आण्णांसमोर जाऊन उभे राहिले. "टाइल ठिवा तुमच्यापाशी. उद्या आमच्या बाया-पोरांनी कुठं बसायचं, ते सांगा."

आण्णा गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरने लोंबती पट्टी तारेने बांधली आणि जीप निघून गेली. एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर न देता माणूस गाडीत बसून जाऊ शकतो, ह्याची चीड मला त्या दिवशी आली ती काही गेली नाही.

आम्ही पत्तीने खरवडलं, थिनर लावून घासलं. प्लास्टिक निघालं, पण टाइलचा पापुद्रा उडाला होता आणि खाली हातभर काळा डाग राहिला. पौर्णिमेला सगळे त्या डागाला वळसा घालून बसले. दादा उठले आणि जाऊन नेमके त्यावर बसले. पुढे टाइल बदला म्हणून मीही सांगून पाहिलं. "ऱ्हाऊं दे भाऊ," ते म्हणायचे, "कुनी केलं ते दिसूं दे." दर रविवारी ते तिथेच बसायचे, पांढऱ्या शर्टात, पाठ ताठ ठेवून. रागावलेला माणूस इतका शांत बसलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात दादा गेले. छातीत कळ आली म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. समाजमंदिर अजून व्हायचंच होतं, त्यामुळे त्यांच्या श्रद्धांजलीचं पुण्यानुमोदनही त्याच फरशीवर. वहिनींनी त्यांच्या फोटोपुढे आधी ओलं बारदान टाकलं, त्यावर पत्रा ठेवला आणि मग मेणबत्ती लावली. ते पाहिलं आणि मला रडू आवरेना.

गॅरेज भरून गेलं होतं. काळा डाग तेवढा मोकळा होता. आण्णा आले, आणि पायातलं न काढता सरळ आत.

"फरशी बघा राव, फरशी!" मी ओरडलो. दादांच्याच सुरात ओरडलो हे मला नंतर कळलं.

आण्णा थबकले. मागे गेले, बूट काढले, परत आले. बसायला जागा शोधत त्या डागाकडे निघाले.

"तिथं नका बसू," वहिनी म्हणाल्या. "ती जागा ह्यांची हाय."

"मग मी कुठं बसू?"

वहिनींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "आमी बी इतकी वर्सं तेच इचारत व्हतो, आण्णा."

कुणी सरकलं नाही. वंदना सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत आण्णा दाराशी उभे होते.